नवव्या कप्प्यातला पत्ता

१

"एक पाऊल पुढे टाकलंस ना आत्या, तर शेजाऱ्यांना हाका मारीन. चारचौघांत तमाशा होईल, मग मला बोलू नकोस."

"मार हाका. खालच्या मजल्यावरच्यांनाही बोलाव. खुर्च्या कमी पडल्या तर मी आणून देते."

भाची बाहेरच्या दाराला पाठ लावून उभी होती, हातात अर्धा प्यायलेला चहाचा कप. समोर आत्या, पायात चपला, खांद्याला पिशवी. आणि आत्याच्या मागे खुर्चीत दादा: आत्याचा थोरला भाऊ, भाचीचा बाप. अंगात बाहेर जायचा शर्ट. आत्याने घाईत लावलेली बटणं एक घर चुकली होती. दोघींचं भांडण आपल्याबद्दल चाललंय हे त्याच्या गावीही नव्हतं. तो छताकडे बघत होता.

"सव्वा महिन्यापूर्वी डोकं उघडलंय त्यांचं," भाची म्हणाली. "डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलंय. आणि तू त्यांना टॅक्सीत कोंबून त्या मोडक्या घरात नेणार? उद्या सकाळी आठला मशीन येणार आहे ते पाडायला!"

"म्हणून तर आज न्यायचंय."

"कशाला पण? मला पटेल असं सांग. पायऱ्या न दाखवता नुसतं उत्तर लिहिलं तर मी शाळेत पोरांना शून्य देते, आत्या. पुरावा दे. नाहीतर चपला काढ."

बोलता बोलता तिने कप बाजूला ठेवला. न बघताच. कप जमिनीवर पडला आणि त्याच्या ठिकऱ्या उडाल्या.

"बघ! तुझ्यापायी! हात थरथरतोय माझा."

हात थरथरत नव्हता. आत्याने नीट पाहिलं होतं. हात अगदी सवयीने, कोपराच्या उंचीला, दाराशेजारी गेला होता. त्याने कप टेकवला होता आणि निवांत सोडला होता. या आठवड्यातला हा तिसरा कप. आत्याने वर बघितलं. भाचीचे केस कपाळाला चिकटले होते. दिवसाआड न्हाणारी पोरगी ही.

आत्या तुकड्यांकडे बघू लागली.

२

घर बदलण्याची सगळी उस्तवार आत्याने एकटीने केली होती आणि ती चोख केली होती, हे वैऱ्यानेही मान्य करावं. रस्ता रुंद व्हायचा होता, जुनं घर जायचं होतं, तारीख ठरलेली होती. त्याच सुमारास एका सकाळी दादा मोरीच्या दारात कोसळला. स्ट्रेचरवरून त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याला शुद्ध नव्हती. भाची अनवाणीच गाडीत चढली आणि तीन आठवडे इस्पितळाच्या बाकावर झोपली. त्या तीन आठवड्यांत आत्याने बिऱ्हाड हलवलं.

आणि हलवलं ते कसं? दादा उठेल तेव्हा बिचकू नये म्हणून नव्या फ्लॅटमध्ये सगळं जसंच्या तसं मांडलं. पलंगाचं डोकं त्याच दिशेला, समोर तेच घड्याळ, पलंगापासून टेबल पाच पावलांवर. जुन्या घरात फूटपट्टी घेऊन मापं घेतली होती तिने. बाहेरच्या दाराशेजारची फळी तेवढी राहून गेली. नवी भिंत पोकळ, खिळा धरेना. शेवटच्या दिवशी आत्याने रिकाम्या घराला स्वतःच्या हाताने कुलूप घातलं, समोरच्या टेलरकडे चावी दिली आणि मागे वळून न बघता निघाली. इस्पितळातून बापलेक थेट नव्या घरी आले.

दादाने पहिल्याच दुपारी झोपेतून उठून पाच पावलं टाकली, टेबलाला वळसा घातला आणि कोऱ्या भिंतीवर बोट दाबलं.

"लागला ना?" त्याने विचारलं.

त्या भिंतीवर बटण नव्हतं. बटणं दाराच्या पलीकडे होती.

"लागला," आत्या म्हणाली. आजाऱ्याशी काय वाद घालायचा?

"पिवळा पडलाय गं ठमे. बल्ब बदल."

ठमी हे तिचं लहानपणचं चिडवायचं नाव. दादाला ते आठवतंय याचाच तिला आनंद झाला. छतावर पांढरी ट्यूब होती आणि ती बंद होती, हे तिने मनावर घेतलं नाही. पिवळा बल्ब जुन्या घरात होता.

३

आत्याचं काम बूटलोडरचं. मशीनला वीज दिली की सगळ्यात आधी जो लहानसा प्रोग्राम जागा होतो, मेमरी कुठे, स्क्रीन कुठे ते शोधतो आणि मग मोठ्या प्रोग्रामला उठवतो, तो बूटलोडर. तिने कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. एकोणिसाव्या वर्षी कारखान्यात बोर्डांना डाख लावायला लागली आणि जेवणाच्या सुट्टीत टाकून दिलेली मॅन्युअलं वाचून शिकली. आज चौसष्टाव्या वर्षी पदव्या भिंतीला टांगलेली माणसं अडली की तिच्या टेबलाशी येतात. हे ती स्वतःच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

बूटलोडरजवळ एक पाटी असते. मेमरी किती, घड्याळाचा वेग किती, स्क्रीन तयार आहे का, जे काही कळलं ते त्या पाटीवर. आणि पाटी कुठे आहे तो पत्ता प्रोसेसरच्या एका कप्प्यात जपायचा. त्या पत्त्याला म्हणायचं पॉइंटर. एका जातीच्या प्रोसेसरमध्ये तो नवव्या कप्प्यात राहतो, दुसऱ्या जातीत अठराव्या, तिसऱ्यात आणखी कुठे. जात कुठलीही असो, नियम एकच: त्या कप्प्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

खरी गंमत पुढे आहे. सुरुवातीला पाटी चिपच्या आतल्या टीचभर मेमरीत असते. बाहेरची मोठी मेमरी जागी झाली की बूटलोडर स्वतःचं बिऱ्हाड तिकडे हलवतो. आधी पाटीची नक्कल करायची. मग कप्प्यातला पत्ता फिरवून नव्या पाटीवर आणायचा. आणि जुना पत्ता कुणी कुठे टिपून ठेवला असेल तर ती चिठ्ठी फाडायची.

पंपांच्या कंट्रोलरचे तीन बोर्ड होते, तीन जातींचे. दोन सुरळीत चालत. नवव्या कप्प्यावाला तिसरा मधूनच विक्षिप्तपणा करी. आत्याने जुनी युक्ती केली. बिऱ्हाड हलल्यावर रिकाम्या झालेल्या जागेत सगळीकडे एकच खूण भरून ठेवली आणि वाट बघितली. रिकाम्या जागेत कुणी पाय ठेवला तर खूण मोडणार.

तीन ठिकाणी मोडली. कुणीतरी अजून जुन्या पाटीवर लिहीत होतं.

"पण चालतंय ना बाई?" तरुण साहेब म्हणाला. "मग राहू द्या की."

"जुनी जागा शाबूत आहे तोवर चालणारच, साहेब. ती दुसऱ्याला दिली की मग बघा."

हे ती बोलली आणि तिला उगाचच दादाचं बोट आठवलं.

४

समोरच्या टेलरचा फोन आला तो दुपारचा.

"बाई, घरात कुणी ठेवलंय का?"

"कुणाला ठेवणार? मीटरसुद्धा काढून नेलाय."

"तेच म्हणतो मी. आतून बटणाचा आवाज येतो. टक. रोज याच सुमाराला. आधी वाटलं माझ्याच मशीनचा. मशीन बंद करून ऐकलं."

"उंदीर असेल."

"बटण दाबणारा उंदीर मिळाला तर माझ्याकडे धाडा बाई, कामाला ठेवतो."

आत्या हसली. फोन ठेवला. मग हसायची थांबली. टेलरने याच सुमाराला म्हटलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजून गेले होते आणि पलीकडे दादा नुकताच परत पलंगावर टेकला होता.

दुसऱ्या दिवशी सव्वादोनला तिनेच फोन लावला. टेलरला म्हणाली, खिडकीच्या गजाला फोन लावून उभा राहा आणि बोलू नकोस. स्वतः दादाच्या पलंगाशी उभी राहिली. आपण चळलोय, असं तिने स्वतःला स्पष्ट सांगितलं. भाची शाळेत होती ते बरंच होतं.

अडीचला दादा उठला. पाच पावलं. वळसा. बोट भिंतीवर.

कानात, तारेपलीकडून, रिकाम्या खोलीत घुमून आल्यासारखं: टक.

"लागला ना?" दादाने विचारलं.



५

योगायोग एकदा होतो. आत्याने लागोपाठ चार दिवस ऐकलं. मग ती अंगाला लावायच्या पावडरीचे तीन डबे घेऊन जुन्या घरी गेली. रिकाम्या जागेत खूण भरायची, दुसरं काय? मागून पुढे येत तिने सगळ्या जमिनीवर पातळ थर दिला. बटणांवर, खिडकीच्या कट्ट्यावर, दाराशेजारच्या फळीवरही. कुलूप घातलं आणि चावी या वेळी स्वतःच्या पिशवीत टाकली.

तीन दिवसांनी उघडलं.

पावलं उमटली होती, अनवाणी. दारातून आत आलेली नव्हती आणि खिडकीतूनही नाही. खोलीच्या मधोमध, जिथे पलंग असायचा तिथे सुरू होत होती. पाच पावलं सरळ. मग तिथे नसलेल्या टेबलाला वळसा. मग बटणं. मग परत, आणि पलंगाच्या जागी संपलेली. एकावर एक, तीन दिवसांची.

डाव्या पावलाला अंगठा नव्हता. दादाचा डावा अंगठा बस डेपोत जॅकखाली गेला त्याला तीस वर्षं झाली.

ती तडक समोर गेली. "पाय दाखव."

टेलर बघतच राहिला. "बाई, माझ्या बायकोनेही कधी मागितले नाहीत बघायला."

"दाखव म्हणते ना."

दहाच्या दहा बोटं होती. आत्या त्याच्या स्टुलावर बसली आणि त्याने दिलेलं पाणी प्यायली. शिकलेली बाई असती तर म्हणाली असती, मनाचे खेळ. आत्याला एवढं माहीत होतं की खूण खोटं बोलत नाही. ती मोडली म्हणजे कुणीतरी लिहिलं.

मग तिला आपली चूक दिसली. चाळीस वर्षं ज्या एका चुकीवरून ती लोकांना फैलावर घेत आली, तीच. पलंग, घड्याळ, पाच पावलं, नक्कल चोख केली होती. पत्ता फिरवलाच नव्हता. दादा त्या घरातून बाहेर पडला नव्हता. त्याला उचलून नेलं होतं.

६

मंगळवारी मजुरांनी जुन्या घराची मागची मोरी आधीच पाडली. मशीनला वळायला जागा हवी होती म्हणे.

मंगळवारी संध्याकाळी दादा नव्या घरातल्या न्हाणीघरासमोर उभा राहिला आणि आत जाईना.

"चल ना दादा, पाणी काढलंय."

"कुठे?"

"आत."

"आत म्हणजे कुठे? इथे भिंत आहे ठमे." त्याने हात पुढे केला. उघड्या दारात, हवेत, तळवा सपाट टेकवला. तो तळवा पुढे सरकत नव्हता. आत्याने त्याचं मनगट धरून ओढलं तर तो लहान मुलासारखा कळवळला.

तेव्हापासून ओल्या फडक्याने अंग पुसणं चाललं होतं. भाची म्हणाली, ऑपरेशननंतर असं होतं, डॉक्टरांना विचारू. तिलाही सुचत नव्हतं बिचारीला. शाळा, औषधं, बाप. हल्ली तिच्या हातून कप निसटत. अंघोळीचं विचारलं की म्हणायची, वेळ कुठाय आत्या.

बुधवारी आत्याने प्रयोगशाळेत तिसऱ्या बोर्डाची जुनी जागा दुसऱ्या कामाला देऊन टाकली. काय होतं ते तिला बघायचं होतं. खरं म्हणजे बघायचं नव्हतं. तिने वीज दिली. स्क्रीनवर ओळी येऊ लागल्या, नेहमीसारख्या. मग 'मेमरी' हा शब्द उमटू लागला आणि 'मेम'पाशी थांबला.

धूर नाही, आवाज नाही. बोर्डावरचा हिरवा दिवा जळतच होता. हात लावला तर बोर्ड कोमट होता. फक्त उरलेलं अक्षर येत नव्हतं. आत्या जेवायची सुट्टी होईपर्यंत त्या अर्ध्या शब्दासमोर बसून होती.

"बंद करून चालू करा की बाई," साहेब म्हणाला.

"बोर्ड बंद करून चालू करता येतो," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन निघाली.

७

आज शुक्रवार. ती दुपारी जुन्या घरी गेली ती दादाच्या येण्याची तयारी करायला. बेत साधा होता. दादाला आत न्यायचं, पलंगाच्या जागी उभं करायचं. मग त्याने स्वतःच्या पायांनी चालत यायचं, उंबरा ओलांडायचा, स्वतःच्या हाताने कुलूप घालायचं. एवढंच. बाहेर पडायचं राहून गेलंय ते पडून टाकायचं. त्याने काही होईल का, हे तिला ठाऊक नव्हतं. दुसरं काही सुचत नव्हतं, हे ठाऊक होतं.

घरात ऊन आलं होतं. मोरीच्या जागी आभाळ दिसत होतं आणि पावलांच्या वाटेवर पावडर आता उरलीच नव्हती. फरशी लखलखीत दिसत होती. आत्याने जिथे बटणं होती तिकडे जायचं टाळलं. दाराशीच थांबून खोली डोळ्यांनी मोजली.

फळी तिच्या कोपराशी होती. नजर सहज गेली.

फळीवरच्या पावडरीत दोन गोल उठले होते. शेजारी शेजारी, बोटभर रुंद कडेचे, नेटके. ती वाकली. दादा चहा सोडून महिना झाला आणि पाणी तो पेल्याने पितो. पेल्याचं बूड एवढं लहान नसतं. तिने गोलावर बोट ठेवलं. बोटाला किंचित ओल लागली. वास घेतला.

चहा.

मागे टक झालं.

ती वळली. खोलीत कुणी नव्हतं. फक्त पलीकडच्या भिंतीपाशी, बटणांसमोर, उन्हाच्या पट्ट्यात पावडर हवेत उडालेली होती आणि अजून खाली बसायची होती. छातीच्या उंचीपासून खाली ती एका जागी विरळ होती. तिथे कुणीतरी उभं असावं आणि पावडरीने त्याला वळसा घालावा, तशी.

"दादा," ती म्हणाली, "मी येते हं तुला घ्यायला. इथेच थांब."

पुढे ती टॅक्सीत कशी बसली ते तिला आठवत नाही. त्या दोन गोलांचा विचार मात्र तिने वाटेत केला नाही. एका वेळी एकच भीती झेपते माणसाला.

८

"तोंड का शिवलं आता?" भाची फुटलेल्या कपाचे तुकडे पायाने सारत म्हणाली. "पुरावा मागितला की गप्प."

आत्या तुकड्यांकडे बघत होती. कपाचं बूड शाबूत राहिलं होतं, लहान, गोल. त्याची कड बोटभर रुंद होती.

"कप तिथे का ठेवलास?" तिने हळूच विचारलं.

"कुठे?"

"आत्ता. कुठे ठेवलास?"

"फळीवर." भाचीने दाराशेजारी बघितलं. कोरी भिंत. "म्हणजे... ठेवायला गेले. सवय. विषय बदलू नकोस."

"इस्पितळातून तू कुठे आलीस?"

"कुठे म्हणजे? इथे! बाबांना घेऊन. तूच तर पत्ता दिलास."

"मधे एकदाही जुन्या घरी गेली नाहीस? तुझं सामान बघायला? दार लावायला?"

"कधी जाणार होते? तूच म्हणालीस, तू बापाजवळ थांब, मी सगळं करते. सगळं तूच केलंस आणि आता मलाच विचारतेस!" तिचा आवाज चढला. "बाबांचं काय ते बोल. भिंतीवर बोट दाबतात, भिंती नाहीत तिथे भिंती बघतात. आजारी आहेत ते. आजारी माणूस आहे म्हणून तू घरात भूत उभं करतेस? अगं, मी निरोगी आहे ना? मी राहतेय ना इथे? मला झालंय का काही?"

"आज न्हायलीस का?"

"काय संबंध?"

"न्हाणीघरात जाऊन ये. एवढं कर. तू नुसती आत जाऊन आलीस तर मी चपला काढते, दादाचा शर्ट काढते, आणि उद्या आठ वाजता मशीनवाल्याला चहा करून पाजते."

भाचीने मान वळवली. न्हाणीघराचं दार सताड उघडं होतं. आत बादली दिसत होती, नळ दिसत होता. निदान आत्याला दिसत होता. भाची त्या दिशेला बघत राहिली. तिच्या कपाळावर एक आठी आली, फळ्यावरचं उदाहरण आपलंच चुकलंय की काय अशी शंका यावी तशी. मग तिने ती झटकून टाकली.

"मला कामं आहेत," ती म्हणाली. "तुझ्या परीक्षा द्यायला वेळ नाही. शेवटचं सांगते आत्या, बाबा या दारातून बाहेर जाणार नाहीत. पुरावा नाही तुझ्याकडे. एकसुद्धा नाही."

खुर्चीतून दादा म्हणाला, "मने, कप उचल गं फळीवरून. कडेला ठेवलायस."

भाचीने बापाकडे बघितलंही नाही. पाठ दाराला घट्ट लावून तिने हनुवटी वर केली. लहानपणी दादाला भिडायची तशी. आत्याने पिशवीतून जुन्या घराची चावी काढली आणि तिच्या हातात नीट ठेवली, बोटं मिटवून.

"जुन्या घरात दाराशेजारच्या फळीवर मी पावडर टाकली होती पोरी, तिच्यावर आज दुपारी चहाच्या कपाचे दोन ओले गोल होते, आणि आता तिथे तिसरा उठला असेल."